भिंगातून पाहिलेलं शॅले: आल्प्समधल्या एका मोठ्या स्की-निवासाचं प्रकरण

पार्श्वभूमी

फ्रान्सच्या साव्हुआ भागात तारांतेझ नावाचं लांबलचक खोरं आहे. कूर्शव्हेल, लेझ आर्क ही स्कीची नावाजलेली ठिकाणं याच खोऱ्यातली. तिथल्याच एका छोट्या स्की-केंद्राच्या वरच्या टोकाला 118 खोल्यांचं निवास-हॉटेल बांधायचं काम काही वर्षांपूर्वी आमच्या वास्तुरचनेच्या कार्यालयाकडे आलं. मी त्या टीममध्ये होतो. गावाचं, कंपन्यांचं किंवा माणसांचं नाव इथे देणार नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. निर्णय मात्र जसे झाले तसेच सांगतो आहे.

जागा साधारण 1800 मीटर उंचीवर, झाडांची हद्द जिथे संपत येते तिथे. नैर्ऋत्येकडे तोंड असलेला चांगला तीव्र उतार आणि मधोमध एक छोटी सपाटी. खाली 1970 च्या दशकातल्या चार-पाच मोठ्या इमारती. पूर्वेकडून स्कीचा मार्ग उतरतो, पश्चिमेला डोंगराची एक सोंड. खोऱ्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, जुनी वाडी आहे. दगडी भिंती, वर लाकूड आणि छपरावर जाड दगडी फरश्या. आल्प्समधल्या अशा उतरत्या छपराच्या डोंगरी घराला शॅले म्हणतात. त्या वाडीतून आमची जागा दिवसभर दिसते. ही गोष्ट आम्हाला पहिल्या दिवशी कुणी सांगितली नाही, आणि आम्हीही विचारली नाही.

या भागात मोठी इमारत म्हटली की लोकांच्या मनात जुनी अढी असते. 1964 ते 1977 या काळात सरकारच्या ‘प्लाँ नेज’ म्हणजे हिम-योजनेखाली उंच माळांवर एकामागून एक अख्खी स्की-शहरं उभी राहिली. पुढे 9 जानेवारी 1985 चा पर्वत कायदा आला. नवं बांधकाम शक्यतो असलेल्या वस्तीला लागूनच व्हावं, हे त्याचं एक मुख्य सूत्र. आमची जागा वस्तीला लागून होती म्हणूनच विचारात घेतली गेली.

अडचण

आमच्या आधी दुसऱ्या एका कार्यालयानं आराखडा केला होता. सुमारे 90 मीटर लांब, सात मजली, एकाच प्रचंड उतरत्या छपराखालची इमारत. गॅलऱ्यांना कोरीव लाकडी कठडे, खालच्या दोन मजल्यांना चिकटवलेला दगड. चित्रात ती ‘पारंपरिक’ दिसत होती. गावच्या मेयरबाईंनी ती परत पाठवली आणि बैठकीत एकच वाक्य बोलल्या, “हे शॅले नाही, भिंगातून पाहिलेलं शॅले आहे.”

त्या वाक्यामागचं गणित सोपं आहे. समोरच्या वाडीतलं घर 12 मीटर रुंद धरा. छपराचा चढ दर मीटरला 40 सेंटिमीटर. भिंतीपासून आढ्यापर्यंत 6 मीटर, म्हणजे आढं भिंतीच्या 2.4 मीटर वर. माणसाच्या उंचीच्या मापातलं छप्पर. आता तीच रुंदी 40 मीटर करा आणि चढ तोच ठेवा. आढं 8 मीटर वर जातं. जवळजवळ तीन मजल्यांइतकं नुसतं छप्पर! मग तो रिकामा भाग भरायला त्यात खोल्या घुसवायच्या, खोल्यांना उजेड हवा म्हणून छपराला खिडक्या पाडायच्या, आणि त्या खिडक्यांच्या सांध्यांत बर्फ अडकून पाणी मुरायला सुरुवात. लहान घराचा आकार मोठा केला की तो नुसता मोठा होत नाही, त्याचं कामच बदलतं.

बिल्डरची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांना तेवढ्या खोल्या नसत्या तर जागेची किंमत निघत नव्हती. गावालाही हॉटेल हवंच होतं. खाली असलेल्या जुन्या फ्लॅटपैकी कितीतरी मालक वर्षातून दोन आठवडे येतात, बाकी वेळ कुलूप. तिकडे अशा खाटांना ‘थंड खाटा’ म्हणतात. दुकानं, शाळा आणि बस चालायची तर रोज कुणीतरी झोपेल अशा खाटा हव्यात. म्हणजे ‘इमारत लहान करा’ हे उत्तर कुणाच्याच कामाचं नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय जुन्याच आराखड्याची डागडुजी करण्याचा होता. तो मेयरबाईंच्या वाक्यानंतर मेलाच.

दुसरा पर्याय सगळ्यांना आवडणारा, बारा सुटी शॅले. प्रत्येक घर लहान, प्रत्येकाला खरंखुरं उतरतं छप्पर. बिल्डरची विक्रीची माणसं तर यावर खूश होती. मी स्वतः आठवडाभर त्याचे प्लॅन काढले आणि काढता काढताच विरोधात गेलो. बारा घरं म्हणजे बारा दरवाजांपर्यंत रस्ता, आणि त्या उतारावर रस्ता म्हणजे वळणं आणि रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणाऱ्या भिंती. हिवाळ्यात त्या प्रत्येक वळणावरचा बर्फ रोज पहाटे यंत्रानं बाजूला करायचा. तेवढ्याच खोल्यांना बाहेरच्या भिंती कितीतरी जास्त, म्हणून उष्णता वाया. आणि कुरण जवळजवळ सगळं संपतं. उन्हाळ्यात त्या कुरणात गाई चरतात. समोरच्या वाडीतून पाहिलं असतं तर हिरव्या उतारावर विखुरलेले खोके आणि त्यांना जोडणारी रस्त्याची जखम दिसली असती. लहान लहान तुकडे डोंगराला कमी त्रास देतात हा समज मला त्या आठवड्यात सोडून द्यावा लागला.

तिसरा पर्याय उंच आणि अरुंद इमारतीचा. जमीन कमी खाते, पण सोंडेच्या रेषेच्या वर डोकं काढते.

चौथा पर्याय आम्ही काढला तो दोन ठिकाणं पाहून आल्यावर. फेब्रुवारीत लेझ आर्क 1600 ला गेलो. 1968 मध्ये उघडलेलं हे केंद्र; नावातला आकडा मीटरमधल्या उंचीचा. वास्तुरचनाकार शार्लोत पेरियाँ आणि त्यांचे सहकारी यांचं काम. दुपारी चारच्या सुमारास वरच्या उतारावर उभा राहिलो, तर खाली इमारती आहेत हे क्षणभर कळलंच नाही. छपरांवर बर्फ बसलेला, छपरं उताराबरोबर खाली उतरत गेलेली, मधे फक्त सावल्यांच्या काही आडव्या रेघा. खाली येऊन मागे वळून पाहिलं तेव्हा कळलं की इथे शेकडो माणसं राहतात. दुसरं ठिकाण शेजारच्या ओत-साव्हुआमधलं स्की-केंद्र फ्लेन, वास्तुरचनाकार मार्सेल ब्रॉयर यांचं. तिथे सगळं उघडं काँक्रीट. पण दर्शनी भागांना हिऱ्यासारखे पैलू पाडलेले आहेत. ऊन फिरतं तसा एक पैलू उजळतो, शेजारचा काळवंडतो, आणि मागच्या चुनखडीच्या कड्यावरही तेच चाललेलं असतं. एकानं लाकूड वापरलं, दुसऱ्यानं काँक्रीट. डोंगराशी नातं दोघांचंही जुळलं आहे, आणि दोघांपैकी कुणीही शॅलेची नक्कल केलेली नाही.

तर चौथा पर्याय असा: तीन पंखांची लांब, बसकी इमारत. कंटूर म्हणजे उताराची समान उंचीची रेषा धरून किंचित वाकत जाणारी, मागची बाजू उतारात गाडलेली, मजले पायऱ्यांसारखे मागे सरकणारे, छप्पर सपाट. खोदाईचा खर्च सगळ्यात जास्त याचाच. चार बैठकांनंतर तो मान्य झाला.

निर्णयाच्या जागा

*सपाटी की उतार.* डोंगरावर सपाटी दिसली की बांधणाऱ्याचा हात तिकडेच जातो. आमचाही गेला. स्की-पेट्रोलमधून, म्हणजे स्कीच्या उतारांची सुरक्षा पाहणाऱ्या पथकातून, निवृत्त झालेले एक गृहस्थ साइटवर आले, त्यांनी बूट दाबून दाखवला आणि बुटाभोवती पाणी आलं. जूनचा कोरडा दिवस होता. खाली झरा होता. ते म्हणाले, “वारा त्या सोंडेवरून येतो आणि बर्फ इथे टाकतो. मे महिन्यात शेवटचा बर्फ इथलाच वितळतो.” आम्ही इमारत सपाटीवरून काढून खाली, जुन्या वस्तीला चिकटून, उतारात सरकवली. या कामातला सगळ्यात चांगला निर्णय हाच असं मी मानतो. सपाटी गाईंना राहिली. मात्र त्या गृहस्थांच्या वाक्यातला अर्धाच भाग आम्ही कामाला लावला. त्याबद्दल पुढे.

*छप्पर.* यावर सगळ्यात जास्त भांडण झालं. मी कोकणातल्या कौलांखाली वाढलो. छप्पर म्हणजे पाणी झटकायचं, जितका उतार जास्त तितकं बरं, हे माझ्या अंगात भिनलेलं. बर्फाच्या मुलखात ते उलटं आहे हे पटायला मला वेळ लागला. उतरत्या गुळगुळीत छपरावरून बर्फ घसरतो तो एकदम, टनांनी, आणि आमच्या इमारतीच्या कडेनं तर मुलं स्की घालून जाणार होती. दुसरा त्रास बर्फाच्या बांधाचा. घराच्या उबेनं छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी गार वळचणीशी येऊन पुन्हा गोठतं, तिथे बांध तयार होतो आणि मागचं पाणी कौलाखालून घरात शिरतं. म्हणून तर समोरच्या वाडीतली दगडी छपरं बसकी आहेत. तिथल्या माणसांना बर्फ वरच हवा असायचा. तो गोधडीसारखं काम करतो.

सपाट छपराचा पूर्वजही याच खोऱ्यात निघाला. लोरां शापी आणि दनी प्रादेल या वास्तुरचनाकारांनी 1946 नंतर कूर्शव्हेल 1850 वसवलं, तेव्हाच्या काही शॅलेंना फुलपाखराच्या पंखांसारखं छप्पर आहे. दोन्ही बाजू आतल्या दिशेनं उतरतात. बर्फ वर बसून राहतो आणि पाणी मधल्या नळीतून घराच्या आतून खाली येतं. नळी उबेत असल्यामुळे गोठत नाही. आमच्या स्लॅबला आम्ही तेच तत्त्व लावलं. फक्त वजन सोसायची तयारी हवी. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला 50 ते 100 किलो भरतो, पण दबून बसलेला 300 च्या पुढे जातो. दीड मीटर असा बर्फ म्हणजे दर चौरस मीटरला 450 किलो. स्ट्रक्चरल इंजिनिअरनी हा आकडा मांडला तेव्हा बिल्डरचा प्रतिनिधी बराच वेळ काही बोलला नाही. मग वळचण गरम करणाऱ्या तारा, बर्फ अडवणारे दांडे आणि रोजची छप्परसफाई यांचा खर्च समोर ठेवला, तेव्हा तो तयार झाला.

*भिंतीचा पोशाख.* दगडाची चिकटवलेली कातडी आम्ही काढून टाकली. जमिनीला टेकणारा भाग उघडं काँक्रीट, त्यात खोदाईतून निघालेलीच खडी, म्हणून रंग आसपासच्या दगडाशी जुळला. वर लार्च या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या उभ्या पट्ट्या, रंग किंवा वॉर्निश न लावता. आवोरिया या स्की-केंद्राच्या इमारतींवर वास्तुरचनाकार जाक लाब्रो यांनी लाकडी खवले वापरलेत, आणि दुरून त्या इमारती कड्याचा भाग वाटतात ते त्या पिकलेल्या लाकडामुळेही. आम्ही तीन मीटरची नमुना-भिंत बांधून एक हिवाळा उघड्यावर ठेवली. नमुना दक्षिणेकडे तोंड करून होता. चारही दिशांना ठेवायला हवा होता.

काम आणि एक ऑगस्ट

परवानगीचे कागद भरायच्या आधी मेयरबाईंनी एक अट घातली: इमारत किती उंच होणार ते जागेवर दाखवा. ऑगस्टमध्ये आम्ही कोपऱ्याकोपऱ्यावर लाकडी खांब रोवले, वरच्या टोकांना नारिंगी पट्ट्या ताणल्या आणि सगळे मिळून खोऱ्यापलीकडच्या वाडीत गेलो. तिथल्या एका आजींच्या अंगणातून पाहिलं. पूर्व आणि मधला पंख उतारात नीट बसले होते. पश्चिमेच्या पंखाची पट्टी मात्र सोंडेची रेषा कापून आभाळात घुसली होती. एका मजल्यानं. आजी काही बोलल्या नाहीत, नुसतं त्या बाजूला बोट केलं. दोन वर्षं संगणकावर ती इमारत आम्ही शेकडो कोनांतून पाहिली होती. या अंगणातून एकदाही नाही.

तो मजला काढला. 14 खोल्या गेल्या आणि बिल्डरनं काम थांबवायची भाषा केली. पंधरा दिवस रात्री जागून प्लॅन पुन्हा जुळवले. पोहण्याचा तलाव उतारात आत ढकलला, मार्गिका आखूड केल्या, 11 खोल्या परत मिळवल्या. त्यातल्या चार कशातून मिळाल्या ते सांगायलाच हवं. मोसमी कामगारांच्या खोल्या लहान करून त्यांना उत्तरेच्या, उताराकडच्या बाजूला नेलं. त्या वेळी त्या बैठकीत कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

बांधकाम तीन उन्हाळे चाललं. या उंचीवर ढोबळमानानं मे ते ऑक्टोबर एवढेच महिने हाती असतात, म्हणून न्हाणीघरं खाली कारखान्यात पूर्ण तयार करून क्रेननं बसवली. ही युक्तीही लेझ आर्कचीच. तिथे पुढच्या टप्प्यात, 1800 ला, न्हाणीघरांचे साचेबंद तयार भाग वापरले होते. खोदाईआधी कुरणाचं गवत मुळांसकट, मातीच्या थरासकट कापून बाजूला रचलं, नंतर परत अंथरायला.

काय झालं

समोरच्या वाडीतून आज ती इमारत दिसते, पण शोधावी लागते. हिवाळ्यात छपरं पांढरी असतात आणि तीन आडव्या सावल्या दिसतात. दोन पंखांमधून ठेवलेल्या मोकळ्या जागेतून खालच्या जुन्या रस्त्यावरून शिखर अजून दिसतं. वळचणीला हिमशंकू धरत नाहीत, छप्पर गळलेलं नाही.

पण त्या मोकळ्या जागेनंच पहिल्या हिवाळ्यात दणका दिला. दोन पंखांच्या मधून वारा जोरात शिरायचा आणि पलीकडे निघाला की वेग हरवून बर्फ टाकायचा, बरोबर स्की-रूमच्या दारात. प्रत्येक वादळानंतर तिथे माणसाच्या उंचीचा ढीग. सकाळी आठ वाजता पाहुणे स्कीचे बूट घालून आत उभे आणि बाहेर दोघं फावड्यानं दार मोकळं करताहेत, हे मी स्वतः काचेच्या आतून पाहिलं. त्या दोघांपैकी एकाच्या भुवयांवर बर्फ जमला होता आणि तो माझ्याकडे पाहून हसला. निवृत्त गृहस्थांनी वाऱ्याची दिशा आम्हाला जूनमध्येच सांगितली होती. जागा ठरवताना ती ऐकली आणि दार ठरवताना विसरलो. दुसऱ्या उन्हाळ्यात दार पूर्वेच्या भिंतीत हलवलं. खर्च आमच्या कार्यालयानं आणि बिल्डरनं वाटून घेतला.

लार्चचं लाकूड दक्षिणेला काळसर तपकिरी झालं, पावसाच्या बाजूला चंदेरी, आणि गॅलऱ्यांच्या खाली, जिथे पाणी पोचत नाही, तिथे जुना तांबूस रंग तसाच राहिला. हॉटेल चालवणाऱ्या कंपनीकडे ‘भिंती मळल्यात’ अशा तक्रारी आल्या. वाडीतल्या जुन्या धान्यकोठारांचं लाकूडही असंच पिकतं, पण ते आम्ही कुणाला आधी सांगितलं नव्हतं.

रचून ठेवलेल्या गवतापैकी जे पहिल्याच उन्हाळ्यात परत अंथरलं ते जगलं. जे दोन वर्षं ढिगात राहिलं ते मेलं, आणि तिथे बाजारातलं बियाणं टाकावं लागलं. तो पट्टा अजूनही नको इतका हिरवा दिसतो आणि त्यात कुरणातली फुलं नाहीत.

आज पुन्हा करायचं तर

खांब आणि पट्ट्या रेखाटनाच्या पहिल्या महिन्यात लावेन. परवानगीच्या आदल्या महिन्यात लावल्यामुळे चूक कळली ती महागात पडली. एक पूर्ण हिवाळा साइटवर बर्फ मोजण्याच्या काठ्या ठेवून वारा कुठे खातो आणि कुठे टाकतो याचा नकाशा करेन, आणि दारं त्या नकाशावर काढेन. लाकूड चार दिशांना ठेवून दोन वर्षांनंतरचे फोटो मालकाला दाखवेन. गवत टप्प्याटप्प्यानं, लागेल तेवढंच काढेन.

रात्रीचा विचार आम्ही केलाच नव्हता. दिवसा उतारात विरून जाणारी इमारत संध्याकाळी सहाला शंभरावर खिडक्यांनी पेटते, आणि बर्फावरून तो उजेड वर फेकला जातो. त्या अंगणातल्या आजींनी पहिल्या हिवाळ्यानंतर एवढंच विचारलं की ते दिवे रात्रभर असेच असतात का. मार्गिकांचे दिवे आता आपोआप मंद होतात. खिडक्यांना आत खोल बसवून वर छज्जा दिला असता तर निम्मं काम झालं असतं. आता ते शक्य नाही.

आणि कामगारांच्या खोल्या. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे राहणारी ही माणसं सगळ्यात जास्त दिवस त्या डोंगरावर असतात आणि त्यांच्या खिडकीतून रिटेनिंग वॉल दिसते. दुसऱ्या हिवाळ्यात तिघांनी मोसमाच्या मध्यावर काम सोडलं. आम्ही कंपनीला पत्र लिहिलं आणि पश्चिमेच्या पंखातल्या तळमजल्यावरच्या सहा पाहुण्यांच्या खोल्या कामगारांना द्याव्यात असा प्रस्ताव प्लॅनसकट दिला. त्यांनी दोन खोल्यांना होकार दिला आहे. उरलेल्या चारांसाठी मी पुढच्या महिन्यात पुन्हा वर जातो आहे.